माझ्या वाटणीचे वाक्य

सुभेदार भिकाजी दळवी साहेबांपुढे मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा त्यांनी गाव विचारले. मी छाती काढून म्हणालो, "रत्नागिरी!"

"त्यो जिल्हा झाला. गाव कंचा?"

"हातखंब्याजवळ, साहेब."

"मी मंडणगडचा. पन म्हनून वळख काढत येऊ नको."

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात त्यांच्या गुणांविषयी लिहावे, असे समितीने मला कळवले. गुण लिहितोच. पण इतकी वर्षे ज्या हेव्याने मला आतून जाळले, तोही लिहिणार आहे. तो वगळला तर हा लेख खोटा ठरेल.

युद्धात आमच्या प्लाटूनकडे एका नाल्यावरचा पूल राखण्याचे काम होते. चार दिवस आम्ही तो राखला. तीन जण तिथेच गेले. लढाई थांबली त्या सकाळी साहेबांनी आम्हाला रांगेत उभे केले आणि एकेकाचे नाव घेऊन त्याने काय केले ते सांगितले. स्वतःविषयी मात्र अवाक्षर काढले नाही.

निवृत्तीनंतरही त्यांनी ही रीत सोडली नाही. मे महिन्यात मुंबईकर गावी आले, की आम्ही सारे बायकामुलांसह मंडणगडला त्यांच्या अंगणात जमतो. ज्याचे नाव येईल त्याने उठून सावधान उभे राहायचे. गेलेल्या तिघांच्या जागी त्यांच्या घरची माणसे उभी राहतात. शेवटचे नाव संपेपर्यंत साहेब स्वतः बसत नाहीत.

त्यांचा आणखी एक नियम आहे. कौतुकाबरोबर ते उणेही सांगतात. गंगारामने जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन नाला ओलांडला, हे सांगताना त्याने स्वतःची रायफल पलीकडेच टाकली होती, हेही ऐकवतात. "अर्धा खरा बोलनारा मानूस साक्षीला नको," असे त्यांचे म्हणणे. गंगाराम लाजून हसतो आणि सगळे टाळ्या वाजवतात.

मीही वाजवतो. पण खरे सांगतो, माझ्या मते गंगारामची पाठ दरवर्षी थोडी थोडी रुंद होत गेली आहे. आचारी तुकारामलासुद्धा त्याचे वाक्य आहे: भर गोळीबारात त्याने खिचडी करपू दिली नाही. माझी पाळी आली की साहेब म्हणतात, "हे नाईक पांडुरंग शिगवण. आपल्यातले." संपले! खिचडीला वाक्य आणि मला नाही! माझी मुले समोर बसलेली असत. मी खाली बसे आणि मला जेवण गोड लागत नसे.

साहेबांनी माझ्यासाठी काही केले नाही असे नाही. हातखंब्याच्या नाक्यावर मी टायरचे दुकान काढले, तेव्हा ते तीन गाड्या बदलून आले आणि नारळ त्यांनीच वाढवला. माझी पत्नी आजारी पडली, तेव्हा साहेबांच्या पत्नी माईंनी आठ दिवस आमच्याकडे राहून घर सांभाळले. मी उपकार मानत होतो, पण मनात येई, साहेब, नारळ राहू द्या, माझे वाक्य द्या.

गेल्या मे महिन्यात मला राहवले नाही. जेवणे उरकल्यावर मी त्यांना मागच्या पडवीत गाठले.

"साहेब, मी कायच केला नाय काय?"

"केलास. समद्यांत अवघड तूच केलास."

"मग सांगत का नाय?"

साहेबांनी पंच्याला हात पुसले. "पांडू, दुसऱ्या दिवशी तू खंदक सोडून गेलावतास. तिसऱ्या प्रहरी आपल्या पायांनी परत आलास, गोळ्या चालू असताना. गंगाराम कवा गेलाच नाय, त्याला परत यायला लागला नाय. तुला लागला. पन तू आलास ह्या सांगायचा, तर तू गेलास ह्या पन सांगायला लागंल. अंगनात तुजी पोरा बसलेली असतात."

कुणी पाहिले नाही, असेच मी धरून चाललो होतो. अर्धे खरे ज्यांना चालत नाही, त्या माणसाने माझ्यासाठी इतकी वर्षे तोंड मिटून घेतले होते, आणि मी त्यावर रुसून बसलो होतो.

तर मंडळी, मीच सांगतो. त्या दिवशी मी पळालो होतो. हा लेख समितीकडे देण्यापूर्वी घरात वाचून दाखवला. धाकटी मुलगी उठून आत गेली. थोरल्याने विचारले, "मग परत का आलात, बाबा?"

मी म्हणालो, "ते साहेब सांगतील."

साहेब, आता तुमची अडचण उरलेली नाही. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि आवाज असाच खणखणीत राहो. येत्या मे महिन्यात मी मुलांना घेऊन येतो आणि सावधान उभा राहतो. सगळे सांगा. फक्त गंगारामपेक्षा एक शब्द जास्त सांगा.