अचानक कोण आलं

मधली सुट्टी संपायला अजून वेळ आहे. खेळाच्या सामानाच्या खोलीत, लेझमांच्या ढिगाशेजारी, उंच उडीची जुनी गादी पसरली आहे आणि तिच्यावर वैजयंता साळुंखे आडवी झाली आहे. झोपायचं तिच्या मनात नाही. डोळे मिटून ती नुसती धुमसते आहे.

दुपारी रस्ता सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम आहे. बोरखडी गावातल्या अंगणवाडीच्या पोरांपासून काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत पायी चालणाऱ्या सगळ्यांना सांगावा गेला आहे. वैजयंता शाळेतली खेळाची बाई, म्हणून मैदानावर रस्ता आखून नाटुकलं बसवायचं काम तिच्याकडे आलं. कल्पना मुख्याध्यापक देवळे सरांची. एक वाकलेली म्हातारी इकडेतिकडे न बघता रस्त्यात घुसते आणि पुठ्ठ्याचा ट्रक तिला उडवतो. तुमच्या घरचंच उदाहरण आहे, लोकांच्या मनाला भिडेल, असं ते अगदी मऊ आवाजात म्हणाले होते आणि वैजयंतानं मान हलवली होती. सकाळी तालीम झाली. आठवीतली पोरगी डोक्यावर पदर घेऊन लटपटत आली, ट्रकनं तिला पाडलं आणि सगळी शाळा पोट धरून हसली.

वैजयंताची सासू तान्हूबाई भाद्रपदात गावातून जाणाऱ्या हायवेवर अशीच ट्रकखाली गेली.

बाहेरचा गलका हळूहळू विरत जातो. लेझमांच्या चकत्या कुणीतरी चाळवतंय असं वाटतं, पण तो आवाज बांगड्यांचा आहे. गादीच्या कडेला तान्हूबाई बसली आहे. हिरवं लुगडं, हातात फणी. ती मेलेली आहे हे वैजयंताला ठाऊक आहे, आणि त्याचं तिला काहीच वाटत नाही. वाटतो तो फक्त राग.

"आत्या, मी येते म्हटलं होतं ना? शाळा सुटल्यावर हात धरून नेते म्हटलं होतं."

"तवर भामीचं डोकं कोण विंचरणार?" तान्हूबाई म्हणते. "सकाळपास्नं केस मोकळे टाकून बसलेली असायची ती."

भामामावशी म्हणजे तान्हूबाईची धाकटी बहीण, अर्धांगवायूनं एक बाजू लुळी पडलेली. पूर्वी दोघींच्या घरांमध्ये नुसती बैलगाडीची पांद होती. मग हायवे आला आणि गावाचे दोन तुकडे झाले. भुयारी मार्ग गावापाशी होणार होता, तो पार लांब धाब्याजवळ झाला. तिथवर चालत जाऊन परत यायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा अर्धा दिवस. दुभाजकाच्या जाळीतली एक सळई गावकऱ्यांनी वाकवून ठेवली होती. तान्हूबाई तिथूनच जायची.

दोघी उठतात. खोलीचं दार उघडलं की व्हरांडा लागायला हवा, पण लागतं ते घरातलं स्वयंपाकघर. शेगडीवर दूध आहे. शेगडी आणि मांडणी यांच्या मधून चौपदरी रस्ता गेला आहे. एक ट्रक धडधडत जातो, मांडणीवरची भांडी हलतात आणि दुधावर धूळ बसते. तान्हूबाई सवयीनं दुधावर ताट झाकते.

"पेपरात काय आलं होतं गं माझं?" ती विचारते.

वैजयंताला सांगायचं नाही, पण तोंडातून निघून जातंच. "वृद्धा अचानक रस्त्यात आल्यानं अपघात, असं आलं होतं. पोलीसही तेच म्हणाले."

तान्हूबाईचा चेहरा जळत्या लाकडासारखा लाल होतो. जिवंतपणी तिला इतकं चिडलेलं वैजयंतानं कधी पाहिलं नव्हतं.

"लग्न होऊन आले तवापासनं मी त्या वाटंनं जातीय. मी अचानक कशी आले? अचानक तर रस्ता आला."

तान्हूबाई वैजयंताच्या अगदी जवळ येते. पोरं हसली का, असं विचारते. हसली, वैजयंता सांगते. आणि तू काय केलंस, असं विचारते.

"शिट्टी वाजवली. म्हटलं, परत एकदा करा."

सासू तिच्याकडे बघत राहते. मग तिचं मनगट धरते आणि ओढत रस्त्यावर नेते. आता स्वयंपाकघर नाही, शाळा नाही. वर रणरणतं ऊन आहे. दिवस थंडीचे आहेत, तरी पायाखालचं डांबर वितळून लोण्यासारखं झालं आहे. वैजयंताच्या पायात काही नाही. तळवे भाजतात.

"बघ," तान्हूबाई म्हणते. "उजवीकडं बघितलं. डावीकडं बघितलं. परत उजवीकडं बघितलं. हेच शिकवतीस ना तू?"

समोरून ट्रक येतो, पण पाण्यात चालावा तसा संथ. काचेमागचा ड्रायव्हर स्पष्ट दिसतो. कोवळा आहे, कुणाचा तरी नवरा असेल. मान खाली, एका हातात मोबाइल, त्याचा निळा उजेड तोंडावर. तो कशाला तरी हसतो आहे. त्याच्या मागून उलट्या बाजूनं एका मोटारसायकलवर तिघं जण येतात, त्याच्या मागं दिवा लावलेली, कार्यक्रमाच्या पाहुण्यांची गाडी, सुसाट.

"ह्यांतल्या कुणा गाडी हाकणाऱ्याला बोलावलंय का आजच्या कार्यक्रमाला?"

"नाही."

"मग कुणाला शिकवणार तुम्ही? मेलेल्यांना? शिकवू नको म्हणत न्हाई मी. म्हातारीला शिकव, पोराला शिकव. पण जो सुटलाय त्याला धर आधी."

दोघी दुभाजकापाशी पोचतात. वाकवलेल्या सळईजवळ तान्हूबाई खाली बसते. वैजयंता तिला उठवायला बघते, काखेत हात घालून ओढते, पण ती दगडासारखी जड झाली आहे.

"हितवर मी नीट आले होते," ती म्हणते. आता आवाजात ताप नाही, नुसता थकवा आहे. "अर्धा रस्ता नीट आले होते, हे कुणी म्हटलं का?"

पलीकडे उंबऱ्यात भामामावशी केस सोडून बसली आहे आणि वाट बघते आहे. वैजयंता सासूच्या हातातली फणी घेते आणि धावत सुटते. पाऊल उचलत नाही, डांबर धरून ठेवतं, ती पाय उपसून पुढचा टाकते.

घंटा होते.

दारात देवळे सर उभे आहेत. पाहुणे आलेत, मुलांना तयार करा, असं सांगताहेत. वैजयंता उठून बसते. हात रिकामे आहेत. चपला दाराशी होत्या तिथंच आहेत. मग तिला तळव्यांना ओढ जाणवते आणि ती पाय वळवून बघते. दोन्ही तळव्यांना काळंभोर डांबर लागलं आहे. ती बोट लावते, तर ते तारेसारखं लांबतं. अजून कोमट आहे. शाळेच्या आवारात सगळीकडे मुरूम आहे, डांबर कुठंच नाही.

म्हातारी आज नीट रस्ता ओलांडेल, ती सरांना सांगते. चूक ट्रकची दाखवायची. सर काहीतरी म्हणू लागतात, उदाहरण, पाहुणे, ऐन वेळी. ती थांबत नाही.

"गावात ज्याच्या-ज्याच्या हातात गाडी आहे, त्याला पहिल्या रांगेत बसवा सर. पाहुण्यांच्या ड्रायव्हरलाही बोलवा. आणि पाहुण्यांना सांगा, अचानक हा शब्द माझ्यासमोर वापरायचा नाही."

चपला न घालताच ती मैदानाकडे निघते. व्हरांड्याच्या पांढऱ्या फरशीवर एकामागून एक काळी पावलं उमटत जातात.