वहिनीला न सांगितलेलं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगायचं म्हणते — पण कुठून सुरू करू?

सुमापासून करते. सुमा म्हणजे दादाची मुलगी. आम्ही दिग्रसला राहत होतो. महाराष्ट्र झाला त्याच्या आसपासची गोष्ट. चार वर्षांची झाली तरी सुमा बोलत नसे. हाक मारली तर वळून पाहत नसे. पितळी झाकणी फरशीवर गरगर फिरवायची आणि ती थांबेपर्यंत हसत राहायची. किती गोड हसायची! आणि माती खायची — ओली भिंत दिसली की चाटायची.

आई म्हणे, वहिनीनं पोटुशी असताना माती खाल्ली, तेच पोरीत उतरलं. वहिनी घाटंजीकडची, मुकाट्यानं ऐकून घेणारी. आणि खरंच खाल्ली होती तिनं.

वहिनीला पुन्हा दिवस गेले होते, म्हणून सुमाला घेऊन दादाबरोबर एसटीनं यवतमाळला मी गेले. दादानं डॉक्टरांना सगळं सांगितलं, वहिनीनं माती खाल्ल्याचंही. त्यांनी सुमाच्या पापण्या उलटून पाहिल्या. अंगात लोह फार कमी आहे, म्हणाले. मातीची ओढ त्यामुळे असेल, औषधानं जाईल. पण बोलणं, बघणं — ते औषधानं येईल असं सांगता येत नाही. दादा औषध आणायला बाहेर गेला. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "घरात आणखी कुणी असं आहे?"

होते. माझे धाकटे काका. जन्मभर आमच्या मागच्या खोलीत, कुणाशी न बोलता, सुताला गाठी मारत बसलेले. माझं लग्न तेव्हा अमरावतीला जुळत आलं होतं —

"नाही," मी म्हटलं.

"बरं. आणि तिच्या आईला सांगा, तुम्ही काही खाल्ल्यानं हे झालेलं नाही. तुमचा दोष नाही."

मी ते सांगितलं नाही. का? वहिनीचा दोष नाही म्हटलं की मग कुठून आलं, हा प्रश्न निघालाच असता. घरी येऊन एवढंच म्हटलं, "औषध द्या वहिनी, बोलेल ती."

किती मायेनं दिलं तिनं! लोखंडी कढईतली भाजी, तीळ-गूळ, आणि मांडीवर घेऊन ते कडू औषध. सुमाची माती सुटली. गालांवर रंग आला. शब्द आला नाही. "माह्यंच काही चुकून राह्यलं," वहिनी म्हणायची.

पुढे काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. मी माहेरी आले होते. दुपारची वेळ. सुमा तिच्या पायाशी बसून स्वतःच्या वेणीचं टोक गालावरून फिरवत होती. वहिनीनं माझा हात धरला.

"ताई, म्या माती खाल्ली म्हणूनच पोरीले असं झालं ना?"

माझं लग्न होऊन गेलं होतं. काका वारले होते. खरं बोलून कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

मी तिची चादर सारखी केली. म्हटलं, "झोपा आता, वहिनी."

पोळ्याच्या आधी ती गेली — तसंच समजून.