दसऱ्याला फुटलेली टाकी

आईला दोन मुलगे. एकाचा धंदा आहे आणि दुसरा मी.

पाहुण्यांना आई सांगते, "थोरल्याचं शहाडला गाड्या धुवायचं सेंटर आहे. आणि हा धाकटा, हा पण असतो तिथेच." तिथेच! अहो, त्या सेंटरमधले स्टीलचे पाइप, स्टँड, गाड्यांवर फेस उडवायची ती चकचकीत टाकी, सगळं मी जोडलेलं! पण दसऱ्याला पूजेत मान कोणाला? दादाच्या पाणी मारायच्या जुन्या गनला. माझं वेल्डिंग मशीन दरवर्षी बाल्कनीत, कुंड्यांच्या मागे. (कुंड्यांना हळदकुंकू मिळायचं. मशीनला नाही!)

हे मला लागायचं. गेल्या दसऱ्याला मी पेटलोच. "माझं मशीन पूजेत बसलं नाही तर मी आज जेवणार नाही," असं मी, दोन मुलांचा बाप, आईला ठणकावलं! आईने कपाळावर हात मारला आणि मशीन देवासमोर मधोमध मांडलं. झेंडूचा हार, अक्षता, वर आपट्याची पानं. दादाची गन बिचारी कोपऱ्यात! मी चारही बाजूंनी फोटो काढले.

शेवटचा फोटो काढत होतो तेवढ्यात दादाचा फोन आला.

"सुन्या, टाकीचा जोड उकललाय! सगळा फेस जमिनीवर चाललाय. इथे गाड्यांची लाइन पार रोडपर्यंत गेलीय. मशीन घेऊन ये, पटकन!"

मी मशीनला हात घातला. आईने माझं मनगट पकडलं.

"पूजेला बसलेलं हत्यार संध्याकाळी सोनं वाटल्याशिवाय हलत नाही."

"अगं आई, दहा मिनिटांचं काम आहे!"

"मग बाल्कनीत काय वाईट होतं? तुलाच हौस!"

बाबांकडे बघितलं, तर ते श्रीखंडाचा डबा उघडण्यात गुंतलेले. शेवटी रिकाम्या हातांनी शहाडला पोचलो. दादाने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"मशीन?"

"पूजेत बसलंय."

"मग तू कशाला आलास?"



दादाने नाक्यावरचा ग्रिलवाला बोलावून आणला. त्याची पूजा नवमीलाच उरकलेली. मी जीव तोडून सांगितलं, "दादा, हा लोखंडी गेटं करणारा माणूस आहे. आपला पत्रा पातळ. त्याची ती वेल्डिंगची जाडी कांडी लावली तर भोकं पडतील."

"तू गप रे! तो निदान मशीन घेऊन आलाय."

भोकं पडली. ग्रिलवाल्याने त्यांच्यावर वितळलेलं लोखंड थापलं. माझी टाकी होती ती! आरशासारखी घासलेली! तिच्या पोटावर आता शेणाच्या गोवरीएवढा गोळा.

"टाकीत दाबाची हवा भरू नकोस," मी म्हणालो. दादाने हवा भरली.

पहिला नंबर टेंभी नाक्याहून आलेल्या एका गृहस्थांचा. पांढरीशुभ्र नवी गाडी, अंगात रेशमी कुर्ता, हातात गाडीला घालायचा हार. ते नेमके टाकीसमोर उभे राहिले आणि गोळा सुटला! फट्! फेस, काजळी, गंज, सगळं एकदम. गाडीचं राहू दे, गृहस्थांच्या फक्त मिश्या ओळखू येत होत्या.

डोळे पुसून ते गरजले, "कोणी केलंय हे असलं वेल्डिंग?"

ग्रिलवाला केव्हाच सटकला होता. दादाने पापणीसुद्धा न हलवता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हा माझा धाकटा भाऊ. स्टीलचा वेल्डर आहे!"

इतक्या वर्षांत दादाने चारचौघांत माझी अशी ओळख करून दिली ती पहिल्यांदाच. आणि मी इतका बावळट, की ऊर भरून आला आणि मी त्या गृहस्थांच्या फेसाळ हातात माझं कार्ड ठेवलं!