आज किती?

आम्ही जुन्या दवाखान्यातले चौघं कुठल्या लग्नात भेटलो की ताटातलं जेवण थंड होतं. एकाने एक किस्सा काढला की दुसऱ्याला तीन आठवतात, आणि सगळे जाऊन पोचतात त्याच साली. स्वाइन फ्लूच्या!

अहेरीकडचा आमचा छोटासा दवाखाना. मी तिथे सिस्टर. रोज संध्याकाळी पेशंटचा आकडा जिल्ह्याला कळवायचं काम माझं. लँडलाइन कायम बंद, मोबाइलला रेंज फक्त मागच्या मोहाच्या झाडाखाली. सागाच्या रानातून धुकं उतरायचं आणि त्यात उभी राहून मी ओरडायची, "संशयित दोन! बरे एक!"

तिकडून साहेब विचारायचे, "कुठून बोलताय?"

आजूबाजूला काहीच दिसत नसायचं. मलाच प्रश्न पडायचा, खरंच कुठून!

*

एकदा बैलबंडीतून अख्खं घर उतरलं. डॉक्टर म्हणाले, "पेशंट कोण?"

म्हातारी म्हणाली, "ताप एकाले हाय. पन त्याले एकट्याले कसा पाठवू?"

सगळे व्हरांड्यात ओळीने झोपले, एका लयीत श्वास घेत. त्यांना मोजायला बसलेल्या डॉक्टरांनाही तिथेच डुलकी लागली!

*

सलीमभाई आमचे वॉर्डबॉय. एका दुपारी दमून रिकाम्या खाटेवर टेकले. तोंडावर मास्क. नव्या डॉक्टरांनी येऊन नाडी धरली, छाती तपासली, "कधीपासून त्रास?"

"साहेब, नोकरी लागली तवापासून!"

*

सोमी आली तेव्हा दिवस भरले होते आणि धाप थांबत नव्हती. ऑक्सिजन लावला. दोन दिवस आम्ही कुणी नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच वॉर्डात ती बाळंत झाली, आणि श्वासही सुधारला.

संध्याकाळी साहेब वैतागले. "काल दोन होते. नवी भरती नाही. मग आज तीन कसे?"

"सर, एक इथेच जन्मली!"

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"तिला लक्षणं काय?"

"रडतेय, सर."

"मग बरी आहे," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ लागला.

*

आणि लालसूबाबा. साथ ओसरली, वॉर्ड रिकामा झाला. शेवटचे तेवढे राहिले. सुट्टी दिली, गाठोडं बांधून झालं, तरी खाटेवरून उठेनात.

"बाबा, बरे झाले ना तुमी? मग काऊन जात नाई?"

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, तुमी रोज सांजीले त्या मोहाले आमचं सांगता. मी गेलो तं आज त्याले कोनाचं सांगान?"