आमची आय, चौऱ्याऐंशी

"लक्ष आहे का? एकदाच सांगीन, परत नाही." माईकवर असं दरडावून बाय पिशवीत हात घालायची आणि मग प्रत्येक नंबर तीन-तीनदा सांगायची. दरडावणं नावापुरतं. हाउजीला बसलेली निम्मी माणसं रात्रपाळी करून आलेली, डुलक्या काढत असायची, हे तिला ठाऊक होतं.

इथे आखातात, सीफ भागातल्या एका हॉटेलात ती चादरी-टॉवेलांच्या खोलीची सुपरवायझर आणि मी तिथलाच एसी-लाइटवाला. ती वसईकडची ख्रिस्ती, सगळे तिला बायच म्हणायचे; मी अकोल्याकडचा बौद्ध. गावी राहिलो असतो तर एकमेकांचं तोंडही पाहिलं नसतं. इथे मात्र महिन्यातल्या एका शुक्रवारी आमच्या मराठी मंडळाची हाउजी असायची. नंबर बाय काढणार, साउंड मी सांभाळणार. पिशवी तिनेच शिवलेली, हॉटेलने टाकून दिलेल्या अभ्र्याची.

हाउजी, म्हणजेच तांबोला, खेळला असाल तर नंबरांना नावं असतात हे तुम्हाला माहीत असेल. "व्हिसाची वर्षं, दोन." "बत्तिशी दाखवा, बत्तीस." पण बायचा एक नंबर दर वर्षी एक घर पुढे सरकायचा. मी नवीन आलो तेव्हा ती ऐंशीला म्हणायची, "आमची आय, ऐंशी." पुढच्या वर्षी एक्क्याऐंशीला. गावी एकटी राहणाऱ्या तिच्या म्हाताऱ्या आईचं वय हॉलभर सगळ्यांना पाठ. तो नंबर निघाला की लोक टाळ्या वाजवायचे.

इथे जुगाराला मनाई, म्हणून रोख बक्षीस नाही. दुकानदारांनी दिलेला कुकर, मिक्सर, झालंच तर इस्त्री. तिकिटांचे पैसे वर्षाअखेरीस एका सभासदाच्या गावच्या पंचायतीला जायचे, गावाच्या कामासाठी. एका गावाला दोनदा मिळणार नाही, हा नियम. तो बायनेच भांडून करून घेतला होता, नाहीतर बोलघेवड्यांचीच गावं सुधारली असती. माझ्या गावात त्या पैशातून अभ्यासिका झाली. पोरं अजून तिथे बसतात. मी काही सांगायचीही गरज पडली नाही, सरपंचानेच उभं राहून बांधून घेतली. सगळे सरपंच तसे नसतात, बाबांनो.

बायच्या गावाची पाळी आली तेव्हा तिने रुग्णवाहिका मागितली. तिचे वडील भाजीच्या टेम्पोत गेले होते, कोबीच्या पोत्यांवर, दवाखाना गाठायच्या आत. आयलाही आता धाप लागायची. पंचायत हो म्हणाली. पैसे गेले.

काही महिन्यांनी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. गावाच्या वेशीवर भली मोठी सिमेंटची कमान, गुलाबी रंगाची, वर आमच्या मंडळाचं नाव. सरपंचाला फोन लावला तर म्हणे, गाडी घेतली तर ड्रायव्हरचा पगार कोण देणार, डिझेल कोण घालणार? कमान एकदा उभी राहिली की राहिली. वर हार घालायला या म्हणाला. माझं डोकंच फिरलं. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाय ओरडली नाही. फोटो बघत एवढंच म्हणाली, "कमानीत झोपवून नेतात का रे कुणाला?"

पुन्हा पैसे देऊ या, असं मी बैठकीत म्हणालो. शेवटी बायच उठली आणि म्हणाली, नियम म्हणजे नियम, पुढच्या गावाला द्या. स्वतःच्या गावाचं दार तिने स्वतःच्या हाताने लावून घेतलं.

ईस्टर होऊन गेल्यावरची गोष्ट. मी तिच्या चादरींच्या खोलीतली ट्यूब बदलत होतो. तिचा फोन वाजला. शेजारीण होती. आयला टेम्पोत घातलं होतं, रुग्णालयात चालले होते. फोन स्पीकरवर ठेवून बाय अभ्र्यांच्या घड्या घालत राहिली. हाताला काहीतरी हवं होतं तिच्या.

"कुठवर आलात?" तिने विचारलं.

"कमानीखालनं चाललोय," शेजारीण म्हणाली.

पुढचा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. अभ्र्यांच्या घातलेल्या सगळ्या घड्या बायने पुन्हा मोडल्या आणि तिथेच खाली बसली.

मातीला ती पोचली. परत आली ती थेट हाउजीला उभी राहिली. नको म्हटलं तरी ऐकेना. त्या दिवशी तिने "लक्ष आहे का" म्हटलं नाही, आणि तरी कुणी डुलकी काढली नाही. मधेच पिशवीतून काढलेला नंबर तिने पाहिला आणि मूठ मिटली. सगळ्या हॉलला कळलं कुठला असणार. गरज पडली तर माईक बंद करायला माझा हात बटणावर गेला.

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. फक्त तेवढंच, आणि एकदाच.

मागच्या रांगेतल्या एका माणसाचं तिकीट त्या नंबरावर पूर्ण भरलं. तो ओरडला नाही, नुसता हात वर केला. बायने जवळ जाऊन तिकीट तपासलं. बरोबर आहे म्हणाली, आणि कुकर त्याच्या हातात दिला.

त्यानंतर लवकरच व्हिसा रद्द करून ती कायमची गेली. आता नंबर मोबाइल काढतो, इंग्रजीत, घाईघाईने. कुणाची झोप मोडत नाही.

परवा तिच्या गावची एक नर्स सुट्टीवरून परतली. बाय बरी आहे म्हणाली. चर्च, बाजार सगळं गावाबाहेर, रोज जाते. पण कमानीखालून जात नाही. शेतातल्या बांधावरून वळसा घालते, पावसाळ्यात चपला हातात घेऊन, चिखलातून.