शिरीषचा फीडर आणि माझा गूळ

त्या मंगळवारी सकाळी मी फोन उचलला तो शिरीषला चार शब्द सुनवायला. डॉक्टरांनी अँजिओग्राफी करा म्हणून सांगून महिना होत आला होता आणि हा पठ्ठ्या अपॉइंटमेंट घ्यायला तयार नव्हता. मी नंबर लावणार तोच त्याच्याच घरून फोन आला. सुनंदावहिनी होत्या. ''भाऊजी, हे गेले...'' मला कळेचना. सुनवायचं होतं ते सगळं तसंच राहिलं.

इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात आमची घरं पाठीला पाठ लावून. एकाच मोटार कंपनीत आम्ही वीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, शिरीषने हमिंगबर्डांना साखरपाणी पाजायला घेतलं. अंगठ्याएवढा पक्षी, पण त्याच्यापायी या माणसाने मला वैताग आणला. मे ते सप्टेंबर, पाखरं थंडीसाठी दक्षिणेला जाईपर्यंत, त्याला कुठे बोलवायची सोय नाही. दर दोन दिवसांनी फीडर, म्हणजे ती साखरपाण्याची टांगती बाटली, घासायचा. शेजारची मांजर हाकलायची. एकदा तर फीडरवर नाकतोड्यासारखा हिरवागार मँटिस किडा दबा धरून बसला होता, तो पाखरं धरून खातो म्हणून हा चिमटा घेऊन शिडीवर. एक नर स्वतः पिण्यापेक्षा बाकीच्यांना पिटाळण्यातच दिवस घालवायचा. ''आपला जुना मॅनेजर,'' शिरीष म्हणायचा, आणि उपाशी राहणाऱ्यांसाठी घराच्या दुसऱ्या बाजूला, त्या नराला दिसणार नाही असा, आणखी एक फीडर टांगायचा.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला तो पुण्याला गेला, तेव्हा फीडर माझ्याकडे होते. मी आपला शहाणा. साखर वाईट, गूळ पौष्टिक, हे लहानपणापासून ऐकलेलं. घातला गूळ. पाणी आंबलं, पाखरं यायची थांबली. परत आल्यावर त्याने फीडर नाकाला लावला आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

म्हणून ऑगस्टमध्ये, ''पाखरं गेली की जातो अँजिओग्राफीला,'' असं तो म्हणाला तेव्हा मी चिडून म्हटलं, ''अरे यार, मी बघतो ना फीडर!''

''तू? गूळवाला?''

तो हसला, मीही हसलो. त्या हसण्याचा आता मला संताप येतो. त्याच्या हट्टाचा येतो, त्याहून माझ्या त्या गुळाच्या खड्याचा.

दिवस झाल्यावर वहिनींनी मला फीडर दिले, सोबत साखरेचा डबा. म्हणाल्या, ''त्याच आठवड्यातल्या गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली होती त्यांनी. हा डबा तुम्हाला द्यायचा म्हणून रविवारीच भरून ठेवला होता.'' डब्यावर पट्टी चिकटवलेली, अक्षर त्याचं. 'विनायक, एक कप साखर, चार कप पाणी. सगळी गेली तरी दोन आठवडे फीडर काढू नकोस, एखादं मागे राहिलेलं असतं. गूळ घातलास तर बघ.'

अरे, मग रविवारीच आणून द्यायचा होतास ना...

शेवटचं पाखरू दिसलं त्याला आता तीन आठवडे झाले. मागच्या लाकडी डेकवर सकाळी हिमाचा पातळ थर असतो. बायको म्हणते, काढा आता ते. आज सकाळी मी पुन्हा पाणी बदललं. मोजून एकास चार.