बेदाण्यांची अर्धी पुडी

फ्लेक्स मीच लावला. फोनवर 'करार झाला' एवढंच वाचलं, पुढचं वाचायला धीर कुणाला! थेट छपाईवाल्याकडे धावलो. दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडच्या वळणावर उज्वला झळकली: 'निफाडच्या कन्येचं जागतिक वाटाघाटींत घवघवीत यश!' खाली शुभेच्छुक म्हणून मी, हात जोडून. संध्याकाळचा सत्कारही ठरवून टाकला.

उज्वला माझ्या वर्गातली. वडील द्राक्षबागाईतदार, ही परराष्ट्र सेवेत. गरीब देशांच्या विकासाला पैसा मिळावा म्हणून श्रीमंत देशांशी भांडणं, हे तिचं काम. शाळेत ती असं भांडायची, की मी जिंकलेल्या गोट्या तिलाच देऊन घरी जायचो.

मुंबईला विमानातून उतरली ती सरळ माझ्याकडेच आली.

"केरू, तुझा फोटो माझ्यापेक्षा मोठा आहे."

"छपाईवाल्याने घोळ घातला गं!"

ती हसली नाही. तिथे मी धसकलो.

चहा गार होईपर्यंत ती बोलत राहिली. त्या बैठकीत मतदान नसतं. अध्यक्ष विचारतो, कोणाची हरकत? कोणी हात वर केला नाही की हातोडा पडतो, झाला करार. श्रीमंत म्हणत होते, पैसे देऊ, पण कर्ज म्हणून. उज्वलाच्या शेजारी एका चिमुकल्या बेटाची प्रतिनिधी होती, लोसा. टेबलाखाली उज्वलाच्या घरचे बेदाणे खात दोघींनी ठरवलं होतं, हात एकदमच वर करायचे. एकट्या बेटाला कोण विचारतं? आणि ऐन वेळी उज्वलाला वरून निरोप आला: आपल्या देशाचं काम झालंय, गप्प बसा.

"लोसाने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला."

बेटाचा हात उठलाच नाही. हातोडा पडला. जाताना लोसाने उरलेली पुडी हिच्यापुढे ठेवली, 'थँक यू' म्हणाली आणि गेली.

ती पुडी आता माझ्या टीपॉयवर होती. मला उगाच वाटायला लागलं, की मीही त्या हॉलमध्ये होतो आणि टाळ्या वाजवत होतो. तरी माझं तोंड थांबतंय थोडंच!

"अगं, हुकूम वरचा, तुझा काय दोष? सत्काराला तेवढी ये. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, हसायचं. इथे कोणाला कळतंय?"

उज्वलाने पुडीला रबर लावलं.

"लोसाला कळतंय."